खडपावर पडलेला पाय

आमच्या किनाऱ्यासमोरच्या खडपावरची पाखरं माझ्या वहिनीमुळे गेली नाहीत.

एवढं एक वाक्य गावापुढे बोलायला मला दहा वर्षं लागली. आता ते लिहूनच ठेवतो, म्हणजे पुन्हा गिळता येणार नाही. गावातल्या कोणाला वाचून राग आला तर येऊ दे. ज्यांनी तेव्हा माना डोलावल्या त्यांतले बरेचसे गेले. उरलेले पडवीत बसून अजून तीच गोष्ट नातवंडांना सांगतात, की खडपावर बाईमाणसाचा पाय पडला, राखणदार कोपला आणि पाखरं उठली. नातवंडं ती खरी मानतात. म्हणून लिहायचं. मी काही बोलका माणूस नाही, घरातल्यांना विचारा. पण आता गप्प बसण्याचाच कंटाळा आला आहे.

खडप म्हणजे समुद्रातला नुसता कातळ. आमचं गाव आचऱ्याच्या खाली, मालवणच्या वाटेवर. तिथून पहाटे शीड लावलं आणि वारा बरा मिळाला, तर ऊन तापायच्या आत तिथे पोचता येई. वर माती नाही, गोडं पाणी नाही. एरवी तिकडे कोणी फिरकत नसे. पण चैत्र लागला की बाहेरच्या समुद्रातून पाखरं यायची. काळ्या टोपीची, पांढऱ्या पोटाची, शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. पुस्तकात त्यांना सुरय म्हणतात हे मला पुढे मास्तरकीचं शिक्षण घेताना कळलं. गावात ती नुसती पाखरं. खडप नजरेत यायच्या आधी त्यांचा कालवा कानावर यायचा. जवळ गेलं की विष्ठेचा उग्र वास नाकात बसायचा, तो घरी येऊन दोनदा आंघोळ केली तरी अंगाला राहायचा.

ती घरटी करत नसत. कातळाच्या खाचेत उघड्यावर एक अंडं, कातळाच्याच रंगाचं, वर तपकिरी शिंतोडे. भर दुपारी पाखरू अंड्यावर बसत नसे. पंख किंचित उघडून शेजारी उभं राही, अंड्यावर सावली धरून. मधूनच समुद्रात बुडी मारून ओल्या पोटाने परत येई आणि अंड्याला गारवा देई. हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

आमच्याकडच्या होड्या वैशाखात अंड्यांना जात. पावसाच्या तोंडावर होडी वर ओढून झापांनी शाकारण्याआधीचं ते शेवटचं काम. त्याची एक रीत होती. खडपावर चढलं की आधी एका कपारीत राखणदारासाठी नारळ आणि विडी ठेवायची. राखणदार म्हणजे त्या जागेचा धनी, तो दिसत नाही पण असतो, हे आमच्यात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मग झाडणी. झाडणी म्हणजे त्या दिवशी खडपावर जी अंडी असतील ती सगळी फोडून टाकायची किंवा समुद्रात भिरकवायची. कोणतं ताजं आणि कोणात पिल्लू धरलं आहे हे वरून कळत नाही, आणि भरतीच्या आत एकेक तपासत बसायला वेळ नसतो. झाडणी करून परत यायचं, पाखरं पुन्हा अंडी घालतात, थोड्या दिवसांनी गेलं की मिळेल ते अंडं ताजंच. ती दुसरी वीण पाट्या भरून आणायची. त्यानंतर पाखरं तिसऱ्यांदा घालत, आणि तिला हात लावायचा नाही असा जुन्या माणसांचा दंडक होता. ती वीण पाखरांची.

ऐकणाऱ्याला ही रीत क्रूर वाटेल. मी तिची बाजू घेत नाही. पण तिला निदान एक कुंपण होतं. ते आम्ही मोडलं. आम्ही म्हणजे मी, माझा थोरला भाऊ, आणि शेजारच्या वाडीतल्या दोन-तीन होड्या. एकदोन वर्षं आधीपासून सगळेच तिसऱ्या विणीत चोरून हात घालत होते. कोणी एकमेकांना विचारत नसे. सगळ्यांना माहीत असे.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली, ते निम्मं सरलं तेव्हाची गोष्ट. मी विशीत होतो, शाळा संपवून कुठे नोकरी लागते का याची वाट बघत दादाच्या होडीवर काम करत होतो. त्या वर्षी दादाला नवं शीड हवं होतं. जुन्याला ठिगळावर ठिगळ झालं होतं. मालवणच्या बाजारात एकाने अंडी मागितली होती, तो पाऊस लागेपर्यंत येतील तेवढी घेणार होता. पहिली झाडणी झाली, दुसरी वीण विकली. शीड अजून दूरच. दादा म्हणाला, आणखी एक झाडणी मारून ये, चौथ्यांदा घालतील. घालतील की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तोवर कोणी तिसरी वीण अख्खी झाडून बघितलीच नव्हती.

नेमका दादाचा पाय कालवाच्या शिंपेने कापला होता आणि सुजून भोपळा झाला होता. आमच्या होडीवरचा दुसरा गडी लग्नाला सासरवाडीला गेला होता. एकट्याने खडपाला होडी लावता येत नाही. एकाने वर चढायचं आणि दुसऱ्याने होडी लाटांवर कातळापासून लांब तोलून धरायची, नाहीतर तोलासाठी बाजूला बांधलेल्या उलांडीचा चुरा होतो. मी म्हटलं, राहू दे मग. तेव्हा चुलीपुढून वहिनी म्हणाली की ती येते.

वहिनीचं माहेर आचऱ्याच्या खाडीवर. बाप माणसं पलीकडे नेणारी तरी चालवायचा. तिच्या हातात वल्हं माझ्यापेक्षा बरं बसायचं, हे मला, दादाला आणि खुद्द आईला माहीत होतं. पण आमच्या गावात बाईमाणूस समुद्राच्या होडीत पाय ठेवत नसे. मासे विकायचे, सुकवायचे, जाळं विणायचं, होडीला हात लावायचा नाही. आई म्हणाली, लोक काय म्हणतले?

वहिनी म्हणाली, "लोक वल्हां मारूक येतत काय?"

दादाने एक अट घातली, तिने होडीतून उतरायचं नाही. खडपावर बाईचा पाय पडता कामा नये, राखणदाराला चालत नाही. ती म्हणाली, मला तिथे उतरून काय करायचं आहे? आम्ही पहाटे निघालो. वाटेत ती एकदाच म्हणाली की शिडाला ठिगळ लावणारा हात आंधळा होता. तो हात माझा होता.

खडपाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पायांना गोणपाट बांधलं, डोक्यावर पाटी उपडी घातली, कारण पाखरं टाळूवर चोच मारतात. लाट चढली तशी उडी घेतली. नारळ ठेवला, विडी ठेवली. आणि काठी घेऊन सुरुवात केली.

पुढचं मी एकदाच सांगणार आहे. पहिल्या झाडणीत अंडी फुटतात ती पाण्यासारखी. तिसऱ्या विणीचं तसं नव्हतं. आम्ही उशिरा आलो होतो, दादाचा पाय सुजल्यामुळे दिवस गेले होते. अंड्यात अंडं राहिलंच नव्हतं. काठीखाली जे येत होतं त्याला पाय होते. मी खाली बघायचं सोडलं. माथ्यावर पाखरांचं छत फिरत होतं, पाटीवर टकटक चोची पडत होत्या, आणि मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झाडत निघालो होतो. कडेची अंडी काठीने समुद्रात लोटत होतो. त्यांतलंच एक होडीजवळ तरंगत गेलं असावं. वहिनीने हाक मारली. ती मी ऐकली. पाखरांच्या आवाजात ऐकू आली नाही असं मी पुढे स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो, पण ऐकली.

मग ती वर आली. ओसरत्या पाण्यात होडी लांब राहील असा दोर कातळाच्या एका सुळक्याला घालून, लाटेच्या चढाला उडी मारून, अनवाणी. तापलेल्या कातळावरून सरळ माझ्यापुढे. तिने वाकून एक अंडं उचललं आणि माझ्या कानाशी धरलं. आतून टोचल्याचा आवाज येत होता, आणि मधून बारीकशी चिवचिव.

"बोलतत रे आतसून," ती म्हणाली. "पुरे आता."

मी म्हटलं, दादान सांगल्यान हा.

"दादा हंय नाय. तू आसस."

ती माझ्या वाटेत उभी राहिली. मागे खडपाचा उरलेला भाग होता, कदाचित एक तृतीयांश. त्यावर अजून पाखरं सावली धरून उभी होती. मी थांबलो असतो तर तेवढा उरला असता.

मी तिला वळसा घालून पुढे गेलो.

तिने मला धरलं नाही, ओरडली नाही. ती तिथेच उभी राहिली, हातातलं अंडं पदराआड धरून, आणि मी काम पुरं केलं. त्याच वेळी शेजारच्या वाडीची होडी कातळाच्या आडून पुढे आली. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की खडपाच्या माथ्यावर लुगड्यातली बाई उभी आहे. ते कशाला आले होते हे त्यांच्या रिकाम्या पाट्या सांगत होत्या. त्यांतल्या एकाने ओरडून विचारलं की ही काय नवी रीत काढली? वहिनीने तिथूनच उत्तर दिलं, "बघतंस काय? पाय आसत माका, तेच टाकलंय."

ते अंडं तिने परत एका खाचेत नीट ठेवलं. मग आम्ही निघालो. तिने वल्हं हातात घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. घरी पोचेपर्यंत मला तिची पाठच दिसत होती.

थोड्या दिवसांनी मी गड्याला घेऊन परत गेलो. खडप ऐकूच आला नाही. लाटांचा आवाज तेवढा. दोन-चार पाखरं उंचावर फिरत होती, ती आम्हाला बघून बाहेरच्या समुद्राकडे गेली. खाचांतून वाळलेली टरफलं आणि मुंग्यांचाही पत्ता नसलेली घाण. चौथी वीण घातली गेलीच नव्हती. दादाचं शीड तसंच ठिगळाचं राहिलं. पुढच्या चैत्रात एकही पाखरू आलं नाही.

पाखरं नुसती खायच्या अंड्यांपुरती नव्हती. समुद्रावर ती जिथे बुड्या मारत तिथे तारली असते, बांगडा असतो. आमच्या होड्या त्यांच्या मागे जायच्या. त्या वर्षी होड्या आंधळ्यासारख्या फिरल्या आणि पुष्कळदा रिकाम्या आल्या. गाव कारण शोधू लागलं. गावाला असं कारण हवं होतं ज्यात गाव नसेल. शेजारच्या वाडीकडे ते तयार होतं.

आमच्याकडे होड्या वर ओढायच्या आधी देवळात गाऱ्हाणं होतं. घाडी म्हणजे देवाशी बोलणारा मानकरी. तो एकेक मागणं घालतो आणि जमलेला गाव प्रत्येकाला एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. त्याआधी कौल लावतात. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. त्या वैशाखात प्रश्न घातला गेला, पाखरं गेली ती बाईमाणसाच्या पायामुळे काय? उजवी पाकळी पडली.

मी देवाला दोष देत नाही. देव विचारलं तेवढंच सांगतो. झाडणीमुळे गेली काय, असा प्रश्न कोणी घातलाच नाही. ज्यांना घालता आला असता ते सगळे खाली बघत होते, आणि त्यांत मी होतो.

गावकाराने, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याने, वहिनीला पुढे बोलावलं. तो तसा वाईट माणूस नव्हता, आवाजसुद्धा चढवत नसे. म्हणाला, उंबऱ्यावर नारळ ठेव, चूक झाली म्हण, मिटलं. नाहीतर गावातलं कोणी तुझ्या पाटीतला मासा घेणार नाही आणि आमच्या बायका तुझ्यासोबत किनाऱ्यावर बसणार नाहीत.

वहिनीने विचारलं, कसली चूक? तो म्हणाला, खडपावर पाय टाकलास ती.

"पाय टाकल्याचा माका वायट वाटणा नाय," ती म्हणाली. "उशिरा टाकलंय, ह्याचा वाटता."

मग तिने मान वळवली. मी तिच्या मागेच उभा होतो, हाताच्या अंतरावर.

"भावजी, तू होतस मां थंय? तू सांग."

ती लग्न होऊन आली तेव्हा मी चड्डीतला पोर होतो, म्हणून भावजी म्हणत असूनही ती मला अरेतुरेच करायची. माझी पहिली शाळेची पाटी तिने वर्खाच्या कागदाने मढवली होती. मी पायाकडे बघत राहिलो. दादा मंडपाच्या खांबाशी, तेव्हापासून लंगडा राहिलेला पाय टेकून उभा होता, तोही तसाच. गावकाराने घाडीला खूण केली. घाडी म्हणाला, बा म्हाराजा, ह्या बाईमाणसाच्या पायान चूक घडली, ती ध्यानात ठेव, आमच्या पोराबाळांवर तेचो राग काढू नको.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

मीही म्हणालो. ओठ हलवले असं नाही, मोठ्याने म्हणालो. इतरांपेक्षा किंचित मोठ्यानेच, कारण गप्प राहिलो तर शेजारच्याच्या लक्षात येईल अशी भीती होती. तिने माझा आवाज ओळखला. तिच्या मानेवरून मला कळलं.

घरी दादा तिला म्हणाला की दोन शब्द म्हणून टाकायला काय जात होतं? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमच्या शिडापायी खडप मोडलो, ता कोण म्हणतलो?" दादा उठून बाहेर गेला. मला तिने रोजच्यासारखं वाढलं, कढी, भात, सुक्या बांगड्याचा तुकडा. बोलणं सोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने नाही सोडलं. 'मीठ व्हया काय' हेसुद्धा ती पूर्वीच्याच आवाजात विचारायची.

गावाने शब्द पाळला. तिच्या पाटीपुढे कोणी थांबेना. बायका तिला बघून आपल्या पाट्या सरकवून घेत. काही दिवस ती तरीही आपल्या जागी बसून राहिली, ताजा मासा संध्याकाळपर्यंत मऊ होऊ देत. मग तिने सुकी मासळी धरली. डोक्यावर बोचकं घेऊन ती वर, देशाकडच्या रस्त्यावर जाऊ लागली. कणकवली, नांदगाव, पुढे कधी कधी घाटाच्या पायथ्यापर्यंत. तिथे भात आणि काजू करणारी माणसं. त्यांना खडप माहीत नव्हता, राखणदार त्यांचा त्यांचा होता. तिथे तिचं बरं चाललं. पण दरवर्षी गाऱ्हाण्याच्या दिवशी ती गावात असायची. बोचकं घेऊन देवळाच्या आवारात दीपमाळेजवळ उभी राहायची, सगळ्यांना दिसेल अशी. नारळ आणायची नाही. देवाला हात जोडायची, गावाला नाही. प्रसाद वाटणारा तिच्यापर्यंत येऊन घोटाळायचा, तेव्हा ती स्वतःच हात पुढे करायची. एका वर्षी त्याने हात आखडता घेतला. ती म्हणाली, तुझ्या हातातलो देवाचो आसा, तुझो न्हय. त्याला द्यावा लागला.

मला मास्तरकी लागली आणि पहिली नेमणूक नांदगावला झाली. देवाला किंवा खात्याला विनोदबुद्धी असावी. आठवड्याच्या बाजारात वहिनी तिठ्यावर गोणपाट अंथरून बसायची आणि मी शाळेतून येताना मागच्या पाणंदीने घरी जायचो. मुलांना मी शुद्धलेखन घालत होतो, पाढे म्हणवून घेत होतो. सगळा वर्ग एका सुरात पाढा म्हणू लागला की मी फळ्याकडे तोंड करायचो. एका पोराचा पाढा चुकलेला असायचा आणि तो बाकीच्यांच्या सुरात लपलेला असायचा. त्याला मी कधी मारलं नाही.

कुणी म्हणेल, पाखरं तुमच्यामुळेच गेली हे तरी कशावरून? नाही सांगता येत. शपथेवर तर नाहीच. पाखरांचं पाखरं जाणोत. बाहेर समुद्रात त्यांच्यावर आणखी काय गुदरलं असेल, मला माहीत नाही. पण एका कातळावरचं शेवटचं अंडंसुद्धा ठेवलं नाही तो माणूस मी, आणि त्या कातळावर एक अंडं परत ठेवलं ती वहिनी. पाय दोघांचे होते. माझ्या पायाबद्दल कौल कोणी लावला नाही, कारण माझ्या पायाला तिथे मुभा होती.

एकोणीसशे साठचं दशक निम्म्यावर आलं होतं. दादा एका वैशाखात सांगत आला की खडपावर पाखरं बसली आहेत. पूर्वीसारखी नाही, एका कोपऱ्यात, पण बसली आहेत. तोवर अंड्यांना जाणं लोकांनी सोडलं होतं, मिळत नव्हती म्हणून. गावात आनंद झाला. आता जुन्या गावकाराचा मुलगा गावकार होता. तो म्हणाला, देवाने चूक पोटात घातली, यंदा तसं गाऱ्हाणं घालून हा विषय संपवू, बाईलाही मोकळी करू. दादाला ते पटलं. त्याला खरंच वाटलं की हे चांगलं झालं. मला त्याने मुद्दाम नांदगावहून बोलावून घेतलं.

मंडप भरलेला होता. वहिनी दीपमाळेजवळ बोचकं पायाशी ठेवून उभी. केस कानाजवळ पांढरे झाले होते. घाडीने सुरुवात केली. पाऊस मागितला, मासळी मागितली, मुंबईला असलेल्या पोरांची राखण मागितली, प्रत्येक वेळी गाव व्हय म्हाराजा म्हणालं. मग तो म्हणाला, बा म्हाराजा, एका बाईमाणसाच्या पायान चूक घडली होती, ती तू पोटात घातलंस आणि पाखरां परत धाडलंस, तसाच तिका आता मोकळी कर.

"नाय म्हाराजा."

हे मी म्हणालो. गावाचा सूर तोंडात आलेला तिथेच अडला. मला वाटलं होतं की मी ओरडलो. प्रत्यक्षात आवाज घशातच राहिला असावा, कारण मागचे एकमेकांना विचारू लागले की काय झालं. गावकार शांतपणे म्हणाला, "मास्तर, तेचो कौल झालेलो आसा." मी म्हटलं की तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, आता दुसरा विचारावा, पाखरं झाडणीमुळे गेली किंवा कसे. मी कचेरीतली भाषा बोलत होतो. घाबरलो की ती माझ्या तोंडात येते. गावकार म्हणाला, देवाला दोनदा विचारायची वहिवाट नाही. घाडी पाकळ्यांच्या ताटाकडे बघत राहिला. आणि मी तेवढ्यावर बसलोही असतो. मी प्रश्न मांडला, देवाने बघावं, अशी माझी समजूत मी घालून घेतली असती.

दीपमाळेकडून वहिनीचा आवाज आला. "देवाक कशाक तरास देतंस, भावजी? तू होतस मां थंय? तू सांग."

तेच शब्द. त्याच आवाजात.

मग सांगितलं. तिसरी वीण मी फोडली. माझ्या काठीने, माझ्या पायाने. आत पिल्लं होती, ती बोलत होती, मला ऐकू येत होतं. ही उतरली ती मला अडवायला. मी तिला वळसा घालून गेलो. दुसऱ्या होडीतल्यांनीही सांगावं की ते रिकाम्या पाट्या घेऊन तिथे कशाला आले होते. मी सांगत होतो आणि माझीच नजर माझ्या पायांवर होती.

"इतक्या वर्सांनी तोंड उघडलंस," वहिनी म्हणाली, "तर जरा मोठ्यान तरी बोल. मागच्यांका ऐकूक येवक नाय."

एक म्हातारी फिस्सकन हसली. मी मान वर केली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, या वेळी आमच्या भाषेत. "तिसरी वीण मी फोडलंय," असं सुरू केलं आणि शेवटपर्यंत थांबलो नाही. शेजारच्या वाडीतला एकजण मधेच उठून बाहेर गेला. दादा खांबाशी बसून राहिला, मग गुडघ्यांवर हात ठेवून उठला आणि म्हणाला की झाडणी मार म्हणून मीच पाठवला होता. बाकी कोणी काही म्हणालं नाही. व्हय नाही, नाय नाही. घाडीने गाऱ्हाणं तसंच अर्ध्यावर ठेवून दिलं.

त्यानंतर मला गाऱ्हाण्याचं बोलावणं येईनासं झालं. देवळाचा अपमान केला म्हणतात. मी अपमान केला नाही. देवापुढे एकदाच खरं बोललो, ते जर तिथे चालत नसेल तर मला घरी बसायला हरकत नाही. मी मास्तर झालो म्हणून शहाणपण शिकवतो, असंही म्हणतात. तेही म्हणू दे. पाखरं खडपावर आहेत. कोणाच्या परवानगीने आली नाहीत, कोणाच्या माफीनेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पाटी घेऊन किनाऱ्यावर गेली. आपल्या जुन्या जागी बसली आणि बांगड्याचे वाटे मांडले. दोन्ही बाजूंच्या बायका बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. सरकल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. गिऱ्हाइकं तिच्या पाटीकडे बघत पुढे जात होती. मी गेलो, तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि एक वाटा मागितला.

आमच्याकडे घरचं माणूस आलं की कोळीण वाट्यावर वरून एक मासा घालते. न मागता, सवयीने. वहिनीने वाटा उचलून माझ्या पिशवीत ओतला, भाव सांगितला तो परक्याचा, आणि हात पुढे करून थांबली. वर एकही बांगडा घातला नाही.

मी पैसे दिले. तेव्हा ती शेजारच्या बाईला म्हणाली, "बोहणी झाली गो," आणि पुढचा वाटा मांडू लागली.